दुर्गमतेचा मोह

‘दुर्गम’ हा शब्द आपण एखाद्या गांवाविषयीं योजतों, तेव्हां उंची किंवा थंडी यांप्रमाणें तो त्या स्थळाचाच एक धर्म आहे, अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो दोन स्थळांमधील संबंध सांगतो. जाणारा कोठून निघाला हें कळल्यावांचून त्यास अर्थ नाहीं. हिमालयांतील स्पिती खोऱ्यांत नांदणाऱ्या शेतकऱ्यास आपलें घर दुर्गम वाटत नाहीं. त्याला दुर्गम असतें तें इस्पितळ, बाजार आणि मुलाचें कॉलेज. हा भेद ध्यानांत न घेतल्यानें एक नैतिक प्रश्न आपल्या नजरेआड होतो.

दर उन्हाळ्यांत आपल्याकडील कितीतरी तरुण मोटारसायकलवरून या खोऱ्याकडे जातात. मनाली सोडल्यावर रोहतांगच्या पोटांतून २०२० सालीं खुला झालेला सुमारे ९ किलोमीटरांचा बोगदा लागतो. पुढें दगडगोट्यांची वाट, तिच्यावरून वाहणारे बर्फाच्या पाण्याचे ओहोळ, कुंझुमची खिंड, काझा हें मुख्य गांव, आणि तेथून वर किब्बर, लांग्झा, हिक्किम व कोमिक हीं लहान खेडीं. कोमिक सुमारे १५,००० फुटांवर आहे. तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या तीन-पंचमांशांहूनहि थोडा कमी. त्यामुळें चढावर यंत्राचा जोर ओसरतो आणि स्वारालाहि धाप लागते. मोटारींत बसलेल्यास देखावा खिडकीच्या चौकटींतून दिसतो. फटफटीवरच्या माणसाला वारा, धूळ आणि थंडी अंगावर घ्यावी लागते. म्हणून पोंचल्यावर त्याला वाटतें कीं, हें गांव आपण श्रमानें मिळविलें. या आनंदाची थट्टा करावी असें मला वाटत नाहीं. श्रमानें लाभलेलें दर्शन आयत्या दर्शनाहून अधिक खोल ठसतें, हा सर्वांचाच अनुभव आहे.

परंतु परत आल्यावर यांपैकीं अनेकांच्या तोंडून एक तक्रार ऐकूं येते : रस्ते झाले, पूल झाले, आतां तेथें पूर्वीची मौज उरली नाहीं. खरा प्रश्न येथें उभा राहतो. किब्बर आणि चिचम या दोन गांवांमध्यें एक अतिशय खोल घळ आहे. २०१७ सालीं तिच्यावर पूल झाला. तोंपर्यंत जवळची वाट म्हणजे तारेवर लोंबणारा एक पाळणा. त्यांत बसावें आणि दोर ओढीत पलीकडे जावें. प्रवाशाला तो पाळणा म्हणजे जन्मभर सांगण्याजोगी एक हकीकत. पण आजाऱ्याला घेऊन निघालेल्या माणसाला तो काय वाटत असेल? पाळणा गेला याची हळहळ करणाऱ्यास त्यांत पुन्हा रोज बसावयाचें नव्हतें.

कष्ट दोन प्रकारचे असतात : पत्करलेले आणि वांट्यास आलेले. पत्करलेल्या कष्टांना शेवट ठरलेला असतो, आणि तेच त्यांच्या गोडीचें कारण. आगगाडी आणि मोटार असतांहि वारकरी पंढरीस पायीं जातो. ती त्याची निष्ठा. पण वाट खडतर राहावी म्हणून कोणाच्या गांवचा रस्ता होऊं नये, असें तो म्हणत नाहीं. आपले कष्ट तो आपल्याच पायांनीं देतो. दुर्गमतेचा रसिक मात्र चार दिवस कष्ट सोसतो, आणि त्या चार दिवसांच्या रंगतीसाठीं दुसऱ्यानें वर्षभर ते सोसावे, अशी नकळत अपेक्षा धरतो.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाहीं. रस्त्यानें केवळ औषध येत नाहीं. कचरा येतो, गर्दी येते, आणि बर्फाच्या पाण्यावर जगणाऱ्या त्या कोरड्या प्रदेशांत पाण्याला नवे वांटेकरी येतात. मग प्रवाशाची हळहळ हें त्या गांवाचेंच संरक्षण नव्हे काय? हानि खरी आहे, हें मान्य केलें पाहिजे. पण ती हानि बव्हंशीं आपल्याच पावलांनीं येते. तिचा उपाय म्हणजे आपलें वागणें आवरणें, त्यांचा रस्ता अडविणें नव्हे. शिवाय लाभ-हानीचा तराजू कोणाच्या हातीं असावा? स्पितीच्या शेतांतला हिरवा वाटाणा खालच्या बाजारांत जातो तो रस्त्यानेंच. कोमिकमध्यें तर, मोटाररस्त्यानें जोडलेलें जगांतील सर्वांत उंच गांव तें हेंच, अशा आशयाचा फलक आहे. येणारा ज्या अगम्यतेच्या ओढीनें येतो, तिचा त्यांत उल्लेख नाहीं. फलकाला अभिमान आहे तो रस्ता पोंचल्याचा! हिक्किमच्या टपाल कचेरीचेंहि असेंच. १९८३ पासून ती तेथें आहे. पाहुणा तेथून नवलाखातर स्वतःलाच कार्ड धाडतो. गांवकऱ्याला मात्र ती पत्राची आणि ठेवीची जागा आहे.

तेव्हां अशा गांवीं जाऊं नये काय? अवश्य जावें. वाट जितकी खडतर निवडावीशी वाटेल तितकी निवडावी. तो ज्याचा त्याचा अधिकार आहे. फक्त एक कसोटी मनाशीं बाळगावी. एखाद्या गांवाची अडचण आपणांस सुंदर वाटूं लागली, तर आपला जन्म तेथें झाला असता आणि घरांत कोणी आजारी असतें, तर आपण ती अडचण मागितली असती काय, हें स्वतःस विचारावें. उत्तर नकारार्थी आलें, तर त्या सौंदर्याची किंमत दुसऱ्याच्या खात्यांतून दिली जात आहे, असें समजावें. आणि पुढच्या खेपेस तेथें नवा पूल दिसला, तर हळहळ न करतां त्यावरून आनंदानें पलीकडे जावें.