सुंभ जळाला, पीळ राहिला

इंदूरहून मुंबईच्या हमरस्त्याने निघाले म्हणजे महूच्या पुढे मानपुर लागते. इंग्रजी अमदानीत सभोवार संस्थानी मुलूख आणि मधोमध हा लहानसा परगणा मात्र थेट इंग्रजांच्या अमलाखाली, अशी येथील स्थिती होती. या गावच्या एका शेतकऱ्याचे वकीलपत्र आम्ही घेतले होते. त्याच्या जमिनीच्या दाव्यात उच्च न्यायालयापुढे आम्ही तासभर इंग्रजीत युक्तिवाद केला. बाहेर येताच त्याने हात जोडून विचारले की, साहेब, माझ्याविषयी आत काय बोलणे झाले? जमीन त्याची, दावा त्याचा. आणि काय चालले आहे हे न कळणारा त्या दालनात तोच एकटा!

त्या प्रश्नाने आम्हांस केनियातील एका नाटकाचे स्मरण झाले. न्गुगी वा थ्योंगो यांनी न्गुगी वा मिरी यांच्या साहाय्याने ‘न्गाहिका न्देन्दा’ हे नाटक गिकुयू भाषेत लिहिले. दीड एकर जमीन धनिकाच्या घशात जाणाऱ्या एका गरीब कुटुंबाची ती कथा. 1977 साली कामिरीथू गावच्या शेतकरी-मजुरांनी उघड्या रंगमंचावर तिचे प्रयोग केले. थोड्याच दिवसांत सरकारने परवाना काढून घेतला आणि वर्षाच्या अखेरीस थ्योंगो यांना विनाचौकशी स्थानबद्ध केले. हे सरकार गोऱ्यांचे नव्हते; केनिया 1963 सालीच स्वतंत्र झाला होता. त्याच वर्षी राज्यकर्त्यांवर तितकीच कठोर टीका करणारी त्यांची इंग्रजी कादंबरी निघाली होती. तिला मात्र कोणी हात लावला नाही. टीका सत्तेस सोसते. ती सामान्यांस समजू लागली की सोसत नाही.

आम्हांस हे नवे नाही. 1684 सालच्या पोर्तुगीज फर्मानाने कोंकणीवर गदा आली. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ 1907 साली रंगभूमीवर आले. कीचकाच्या रूपात प्रेक्षकांनी कर्झनसाहेबास ओळखले आणि 1910 साली नाटकावर बंदी आली. परंतु ज्या नाट्यप्रयोग कायद्याने 1876 पासून रंगभूमीस वेसण घातली होती, तो इंग्रजांबरोबर गेला नाही. 1953 साली लखनौस प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’ कथेवरील नाटकाबद्दल स्वतंत्र भारतातच खटला झाला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 1956 साली तो कायदा घटनाबाह्य ठरविला. तरी कायद्याच्या पुस्तकातून तो पुसला गेला 2017 च्या निरसन अधिनियमाने!

स्वराज्यासही सुव्यवस्था लागते आणि अनेकभाषी देशाच्या न्यायालयांस एक समान भाषा सोयीची पडते, असे कोणी म्हणेल. दोन्ही गोष्टी आम्हांस मान्य आहेत. पण परक्याने आपल्यास गप्प बसविण्यासाठी घडविलेले हत्यार आपल्या हाती आले, एवढ्याने ते निर्दोष होत नाही. उलट, परका गेल्यावर त्याचा दोष परक्याच्या माथी मारण्याची सोय उरत नाही. तो वापरणाऱ्याचा होतो. आणि इंग्रजीवर पोट भरणारे आम्ही वकीलही त्या वापरणाऱ्यांतलेच.

न्यायालयाची भाषा बदलणे आमच्या हाती नाही. मात्र त्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून आम्ही त्या शेतकऱ्यास त्याचा दावा त्याच्या बोलीत पहिल्यापासून सांगितला. मध्येच थांबवून त्याने बांधाविषयीची आमची एक चूक दुरुस्त केली. ती चूक कागदोपत्री तीन वर्षे तशीच चालत आली होती.