प्रयोगाचा खर्च कोणी सोसायचा?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तिथले दीड एकराचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये 'पटेल ३' धानाच्या बांधीत पिवळसर दाण्यांच्या तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी जपल्या, पुढच्या हंगामात निराळ्या पेरल्या, रानडुकरांनी फस्त करू नयेत म्हणून भोवती काटेरी झुडपे लावली आणि वर्षानुवर्षे निवड करत राहिले. त्यातून आलेल्या बारीक दाण्याच्या धानाला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून 'एचएमटी' हे नाव पडले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने १९९८ मध्ये 'पीकेव्ही एचएमटी' प्रसारित केला. दादाजींना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला तो २००५ मध्ये. सन्मान आला, पण काम होऊन गेल्यावर. काम चालू होते तेव्हा जमीन त्यांची, श्रम त्यांचे आणि पीक बुडाले असते तर उपासही त्यांच्याच घरचा.

माझे म्हणणे या मधल्या वर्षांबद्दल आहे. शेतकऱ्याच्या शेतात सरकारी पैसा पोचतच नाही असे नाही. पण तो बहुतेक प्रात्यक्षिकासाठी पोचतो. प्रात्यक्षिकात उत्तर आधीच ठरलेले असते: बियाणे, खत, अंतर सगळे वरून येते आणि शेतकऱ्याने ते उगवून दाखवायचे. प्रयोगात प्रश्न शेतकऱ्याचा असतो आणि उत्तर कोणालाच ठाऊक नसते. कोरडवाहू सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी किती ठेवल्या तर पावसाचा खंड सोसवेल, आपल्या हलक्या मुरमाड जमिनीत रासायनिक खत किती कमी करता येईल, हे प्रश्न गावागणिक बदलतात. राज्यातली चार कृषी विद्यापीठे कितीही कष्टली तरी प्रत्येक शिवाराचे उत्तर त्यांच्या प्रक्षेत्रावर सापडणार नाही. आणि ज्याच्याकडे चार एकर आहेत त्याने दहा गुंठे अनिश्चित उत्तरासाठी राखले, तर जमिनीचा सोळावा हिस्सा त्याने पणाला लावलेला असतो. त्याचा फायदा गावाला होणार असेल, तर तोटा एकट्याने का सोसावा?

अमेरिकेत १९८८ पासून कृषी खात्याच्या पैशावर शाश्वत शेतीच्या संशोधन आणि शिक्षणाचा एक कार्यक्रम चालतो. देशाचे चार विभाग पाडले आहेत, आणि कोणाला निधी द्यायचा हे ठरवणाऱ्या विभागीय मंडळांत शेतकरीही बसतात. शेतकरी स्वतः अर्ज करू शकतो. मात्र निष्कर्ष इतरांपर्यंत कसे पोचवणार, हेही अर्जातच सांगावे लागते. मला हीच अट सर्वांत मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे विस्तारकार्य संशोधनाला मागाहून चिकटवलेले ठिगळ राहत नाही.

असा निधी आपल्याकडेही शेतकऱ्याच्या प्रयोगाला मिळावा, असे मला वाटते. यावर पहिला आक्षेप शास्त्रीयतेचा. शेतकऱ्याचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हे खरेच आहे. एका चांगल्या पावसाच्या वर्षी कोणतीही पद्धत यशस्वी दिसते. पण शिस्त शिकता येते. १९८५ मध्ये आयोवात स्थापन झालेल्या 'प्रॅक्टिकल फार्मर्स ऑफ आयोवा' या संघटनेच्या शेतकऱ्यांनी जुनी आणि नवी पद्धत शेजारशेजारच्या पट्ट्यांत घेतली, कोणता पट्टा कुठे हे चिठ्ठीसारखे नशिबावर सोपवले आणि तीच जोडी शेतात पुन्हा पुन्हा मांडली. पट्टानिहाय कापणी, वजनकाटा आणि वही एवढ्यावर हे साधते. आकडेमोडीला विद्यापीठाचा माणूस सोबत असावा. त्याने हुकूम सोडू नये, हिशेब तपासावा.

दुसरा आक्षेप पैसा भलतीकडे जाण्याचा. तो मी हलका मानत नाही. पण त्यावर इलाज आहे: रक्कम लहान ठेवावी, हप्त्यांत द्यावी, आणि शेवटचा हप्ता नोंदवही व शिवारफेरी झाल्यावर द्यावा. तो यशावर मात्र अवलंबून ठेवू नये. फसलेल्या प्रयोगाचे पैसे अडवले की पुढच्या वर्षी सगळेच प्रयोग कागदावर यशस्वी होतील, आणि शेजाऱ्याला जे टाळायचे ते कधीच कळणार नाही. अर्ज मराठीत, दोन पानांत मावणारा असावा. भाडेपट्ट्याने कसणाऱ्याला आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईलाही तो करता यावा. आणि पहिला हप्ता मृगाच्या आधी हातात पडावा. सप्टेंबरात आलेल्या अनुदानातून जूनची पेरणी होत नाही.