उलटलेली धार

वस्तरा हातात घेऊ नये, असं परिपत्रक बँकेने कारकुनांसाठी अजून काढलेलं नाही; म्हणून मी घेतला. वडिलांचा होता. पत्र्याच्या ट्रंकेत निघाला. चिंचणीतल्या सलूनमध्ये आता अर्ध्या पात्याचा कारभार, तेव्हा धार कोण लावून देणार? मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जितकं घासावं तितकी धार वाढणार, चक्रवाढ व्याजासारखी, हा माझा हिशेब. सबंध रविवार सकाळ एकच बाजू दगडावर घासली. अंगठ्याला धार अशी काही लागत होती म्हणता!

पहिला पट्टा झकास उतरला. दुसऱ्याला केस ओढले गेले. तिसऱ्याला रक्त.

"वडिलांचा वस्तरा की वडिलांचा सूड?" सौभाग्यवती तुरटी देत म्हणाल्या.

आमचे शेजारी दागिन्यांचे डाय कोरतात. इथून वरोरपर्यंत हा धंदा घराघरांत चालतो; पोलाद म्हणजे या लोकांची मातृभाषा. त्यांनी पात्याच्या पाठीकडून धारेबाहेर अलगद बोट सरकवलं, एकदा या अंगाने, एकदा त्या.

"साहेब, इथं अडकतंय बघा. एकाच बाजूने घासलंत, म्हणून पोलादाचा पापुद्रा पलीकडे वळलाय. तुम्हाला ती धार वाटली. दाढीला लागला की तो दुमडतो, नाहीतर तुटतो. पाठ न्‌ धार दोन्ही दगडावर टेकवा, दाब नको, आणि एकदा ही बाजू, एकदा ती. मग चामड्याच्या पट्ट्यावर, पाठ पुढे ठेवून. न्‌ थांबायचं कुठं ते बघा."

मी मान डोलावली. पण डोक्यात भलतंच सुरू झालं होतं. शुक्रवारी काउंटरवर मासे विकणारी एक आजी आली होती. सही जुळेना. "आजी, सही बदलली की माणूस बदललं?" मी म्हणालो. रांग हसली. आजीने स्लिपची घडी केली आणि गेली.

आता नियमाने मी चुकलो का? सही जुळत नव्हती हे शंभर टक्के खरं. खरं बोलायला कसली भीती, असं आपण म्हणतो. पण हात चालत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा घ्यावा, त्यातला एक बँकेचा जबाबदार माणूस असावा, हेही नियमच सांगतात. ती बाजू मी दगडाला लावलीच नव्हती. मग रांग हसली ती माझ्या खरेपणाला, की पापुद्र्याला? (हसणाऱ्यांत आमचे मॅनेजरही होते. त्याने मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, हे लपवत नाही.)

सोमवारी आजी पुन्हा आली, शेजारणीला घेऊन. मी न बोलता शाईचा पॅड पुढे केला, साक्षीला मॅनेजरांना बोलावलं. आजीने अंगठा उठवला, पैसे दोनदा मोजले आणि माझ्या गालावरची पट्टी बघून म्हणाली,

"पोरा, जमत नाय तं कशाला करतो?"

रांग पुन्हा हसली.