जकात गोळा करणाऱ्याचे वेतन



वाणिज्य शाखेची पदवी घेतलेला एखादा तरुण, बँकेची नोकरी मिळेपर्यंत म्हणून शिष्यवृत्ती निधीच्या कार्यालयात रुजू होतो आणि पाहता पाहता देणग्या मिळविणे हाच त्याचा व्यवसाय होऊन बसतो. मग घरात कुजबुज सुरू होते की, मुलगा चंदा मागत फिरतो! सोयरिकीच्या बोलण्यात तर हे काम दबक्या आवाजात सांगितले जाते. या संकोचाला धर्मात काही आधार आहे काय?

पवित्र कुरआनच्या सूरह तौबामधील ६० व्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. गरीब व गरजवंत यांच्या पाठोपाठ तिसरे नाव येते ते जकातीच्या कामावर नेमलेल्यांचे, म्हणजे 'आमिलीन'चे. स्वतःसाठी हात पसरणे वेगळे आणि अनाथाच्या हक्कासाठी दारोदार जाणे वेगळे.

माननीय उमर (रजि.) यांनी इब्ने सअदी यांना सदका वसुलीवर नेमले होते. काम संपल्यावर वेतन देऊ केले, तेव्हा ते म्हणाले की, हे मी अल्लाहसाठी केले आहे. उमर (रजि.) यांनी त्यांना ते घ्यायला लावले आणि सांगितले की, प्रेषितांच्या (स.) काळात मीही असेच नाकारले होते, तेव्हा प्रेषितांनी (स.) मला, न मागता मिळालेले घे, स्वतः खा आणि दानही कर, असे समजाविले. निष्ठा आणि पगार यांत विरोध मानणाऱ्या आपल्या विश्वस्त मंडळींनी ही हदीस जरूर वाचावी. कार्यकर्त्याला उपाशी ठेवून संस्थेची बचत दाखविणे हे पुण्य नव्हे.

पण याच कामात घसरण्याची जागाही मोठी आहे. इब्नुल लुतबिय्या नावाचा वसुली अधिकारी परतल्यावर म्हणाला की, हे तुमचे आणि हे मला भेट मिळालेले. प्रेषित (स.) मिंबरवर उभे राहिले आणि विचारले की, हा आई-बापाच्या घरी बसला असता तर या भेटी त्याच्याकडे चालत आल्या असत्या काय? दिवाळीची मिठाई असो वा दात्याने 'तुमच्यासाठी' म्हणून दिलेले पाकीट असो, हा प्रश्न आजही तसाच लागू आहे. जमविलेल्या रकमेवर टक्केवारी घेण्याची प्रथा आपल्याकडे रमजानमध्ये बोकाळते. अनेक उलेमांनी ती अमान्य केली आहे, कारण त्यात मजुरी आधी ठरलेली नसते. मासिक पगार ठरवावा, तो लिहून द्यावा, आणि दात्याने विचारल्यास न चिडता सांगावा.

मआज (रजि.) यांना यमनला पाठविताना प्रेषितांनी (स.) बजावले होते की, लोकांचा निवडक माल उचलू नकोस आणि पीडिताच्या हाकेला भी. म्हणजे देणाऱ्याचाही मान राखायचा. कोणी सदका घेऊन आला की प्रेषित (स.) त्याच्यासाठी व त्याच्या घराण्यासाठी दुआ करीत. सूरह तौबाच्याच १०३ व्या आयतीत तशी आज्ञा आहे. पावती फाडून देताना आपल्या तरुणांनी ती दुआ मोठ्याने म्हणावी, दात्याला ऐकू जाईल अशी.