बिघडले की बिघडवले?

आमच्या शाळेत कोणी काही मोडत नाही. वस्तू आपोआप मोडतात. रंगाची बाटली सांडते, पट्टी तुटते, शेजाऱ्याचा खोडरबर नाहीसा होतो. गेली वीस वर्षे मी चित्रकलेचा तास घेत आहे. ‘सर, पट्टी मी मोडली’ हे वाक्य या काळात बोटांवर मोजण्याइतक्या वेळाच कानावर आले असेल. यात मुलांचा दोष थोडा आणि आपल्या भाषेचा अधिक, असे मला कधी कधी वाटते. दूध उतू जाते, कप फुटतो, किल्ली हरवते. कर्त्याला वाक्याबाहेर उभे करण्याची केवढी ही सोय! ‘बिघडले’ आणि ‘बिघडवले’ यांत एका ‘व’चे अंतर आहे, आणि तो ‘व’ उच्चारायला मोठ्या माणसांचीही जीभ अडखळते. माझी कशी अडखळली, ते आज सांगायचे आहे.

तीन वर्षांपूर्वी एका कादंबरीचे मानधन हाती आले. माझ्या कादंबऱ्या फारशा खपत नाहीत, त्यामुळे ही घटना घरात सणासारखीच साजरी झाली. त्या पैशांत थोडे घरखर्चातले घालून, चिरंजीवांना गणपतीच्या आधी व्हिडिओ गेमचा कन्सोल घेऊन दिला. दुकानदाराने पावतीवर शिक्का मारताना मला नीट समजावले, “सर, गॅरंटी नाही हं, वॉरंटी आहे. एक वर्ष.” म्हणजे बिघडला तर बदलून मिळणार नाही, दुरुस्त करून मिळेल. मी ते कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवले.

महिना-सव्वा महिन्याने खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी माझे कुंचले, पत्नीचे शिवणयंत्र, आईची विळी आणि मुलाची सायकल यांची पूजा होते. त्या वर्षी चिरंजीवांच्या आग्रहाने कन्सोलही पाटावर बसला. आईने हळदकुंकू वाहिले, मग ताम्हनात फूल बुडवून सगळ्यांवर पाणी शिंपडले. आईचा हात सढळ आहे. वारा आत जाण्यासाठी त्या यंत्राला वरच्या अंगाला बारीक फटी असतात. त्यांतून पाण्याचे थेंब आत उतरलेले मी पाहिले, माझ्या मुलानेही पाहिले. संध्याकाळी यंत्र चालू होईना.

एस.टी.ने आम्ही दोघे शहरातल्या दुरुस्ती केंद्रावर गेलो. तिथे एक फॉर्म भरायचा होता. ‘यंत्रात पाणी अथवा अन्य द्रव पदार्थ गेला आहे काय?’ पुढे दोन चौकोन : होय, नाही. कार्डावरचे कलम मी बसमध्येच वाचले होते. पाणी गेले असेल तर वॉरंटी लागू नाही. मी ‘नाही’वर खूण केली. मुलगा शेजारी उभा होता. तो तेव्हा दहा वर्षांचा होता, आणि दहा वर्षांच्या मुलाला वाचता येते.

बारा दिवसांनी यंत्र दुरुस्त होऊन मिळाले, एक पैसाही न देता. चिठ्ठीवर लिहिले होते : पॉवर सप्लाय बदलला. परतीच्या बसमध्ये खोके मांडीवर घेऊन बसलेल्या मुलाने विचारले, “बाबा, म्हणजे पाण्यामुळे बिघडलंच नव्हतं? मग आपण खोटं बोललो का?”

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत आणि पुढे चित्रकलेच्या पदविकेचे. तर्कशास्त्र मी शिकलो नाही. पण हा प्रश्न एखाद्या पंडितालाही बसमध्ये सोडवता आला नसता. पॉवर सप्लाय पाण्याने गेला असेल, किंवा मुळातच कच्चा असेल. ते कळायला आता मार्ग नाही. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

त्यानंतर मला एक नादच लागला. ही यंत्रे बिघडतात तेव्हा लोक काय करतात, बनवणारे काय करतात, हे मिळेल तिथून वाचू लागलो. माझ्यासारखा अपराधी जगात आणखी कोणी आहे का, हे शोधण्याचाच तो एक प्रकार होता, हे कबूल केले पाहिजे.

सगळ्यांत मोठी हकीकत अमेरिकेतली आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीचा एक्सबॉक्स ३६० हा कन्सोल २००५ च्या नोव्हेंबरात तिथे विक्रीस आला. पुढच्या वर्षी तो भारतातही आला. त्याच्या तोंडावर दिव्यांचे एक वर्तुळ होते, चार भागांचे. सर्व ठीक असले की हिरवे. पण पुष्कळ घरांत एके दिवशी त्यातले तीन भाग लाल होऊन लुकलुकू लागत आणि यंत्र मरून पडे. अमेरिकेत त्याची वॉरंटी सुरुवातीला अवघ्या ९० दिवसांची होती. २००६ च्या डिसेंबरात ती एक वर्षाची झाली. मुदतीनंतर ज्यांचे यंत्र गेले त्यांनी पदरचे पैसे भरले. दुरुस्तीला पाठवायच्या रिकाम्या खोक्याला तिथली मुले ‘शवपेटी’ म्हणत.

या हकीकतीत मला सर्वांत विलक्षण वाटले ते मालकांचे वागणे. कोणी म्हणे, मी ते बंद कपाटात ठेवले, हवा मिळाली नाही. कोणी म्हणे, फार वेळ खेळलो. काही जण तर मेलेले यंत्र टॉवेलात गुंडाळून चालू करीत. आतली उष्णता कोंडली की ते थोडा वेळ जिवंत होई, आणि मग पुन्हा मरे. आजारी माणसावर गोधडी घालून घाम काढावा तसलाच हा उपचार! खरे कारण कंपनीने पुढे सांगितले : चित्रे उमटवणाऱ्या चिपच्या आतले सूक्ष्म सांधे तापण्या-निवण्याने तडकत होते. यंत्र लावले की तापते, बंद केले की निवते. म्हणजे ते वापरले हाच काय तो मालकाचा अपराध. तरी तो बिचारा आपल्या कपाटाला दोष देत बसला होता.

अशी फुंकर आपणही घातली आहे. माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल, १९९० नंतरच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आले, जपानी यंत्राच्या नकला. त्यांना गॅरंटीही नसे आणि वॉरंटीही नसे. चालले तर चालले. ‘कॅसेट’ लागली नाही की ती काढायची, तिच्या पोटात जोराने फुंकायचे आणि पुन्हा बसवायची. ती लागायची! सगळ्या गल्लीचा त्या फुंकरीवर विश्वास होता. वस्तुतः काम करी ते काढून पुन्हा बसवणे, त्यामुळे पितळी दात नीट टेकत. तोंडातल्या ओलाव्याने उलट त्या दातांना गंज चढण्याचीच भीती. पण श्रेय फुंकरीला गेले.

ज्या यंत्राच्या त्या नकला होत्या, त्याचीही एक गोष्ट आहे. निन्टेन्डो कंपनीचा फॅमिकॉम १९८३ च्या जुलैत जपानात निघाला. काही यंत्रे खेळ चालू असताना मध्येच थिजू लागली. दोष एका चिपमध्ये निघाला. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी विकलेली यंत्रे परत मागवली आणि आतला मुख्य फलक बदलून दिला, तोही नव्या वर्षाच्या खरेदीचा हंगाम तोंडावर असताना. तुमचे यंत्र थिजते की नाही, पाणी गेले होते की नाही, असले काही न विचारता. व्यापारी दृष्टीनेही ते शहाणपणाचे ठरले हे खरे. पण ते शहाणपण त्या क्षणी नुकसानीसारखेच दिसत असणार.

मायक्रोसॉफ्टला तो क्षण गाठायला जवळजवळ वीस महिने लागले. ५ जुलै २००७ रोजी कंपनीने जाहीर केले की तीन लाल दिव्यांच्या बिघाडाला खरेदीपासून तीन वर्षे वॉरंटी राहील, आणि ज्यांनी आधी पैसे भरले त्यांना ते परत मिळतील. यासाठी बाजूला काढलेली रक्कम शंभर कोटी डॉलरांहून अधिक होती. वीस महिने मोठे, की शंभर कोटी मोठे? माझे मत विचाराल तर, ज्या माणसाने तोवर हताश होऊन यंत्र भंगारात दिले असेल त्याला वीस महिनेच मोठे वाटतील. तरीही शेवटी ‘व’ उच्चारला गेला : बिघडले नाही, आम्ही बिघडवले. २०२१ मध्ये त्याच कंपनीने आपल्या इतिहासाचा एक माहितीपट काढला, त्यात हे प्रकरण झाकले नाही. उलट त्या लाल वर्तुळाचे चित्र भिंतीवर लावण्यासाठी विकायलाही काढले. आपल्या चुकीची तसबीर करून भिंतीवर टांगता येणे, ही मला हेवा वाटावा अशी गोष्ट आहे.

क्षमा मागण्याचीही एक तऱ्हा असते. निन्टेन्डोच्या स्विच या यंत्राच्या कंट्रोलरच्या मुठीला कोणी हात न लावताच यंत्र ती एका बाजूला सरकवली असे समजू लागते, अशा तक्रारी जगभर झाल्या. २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष शुन्तारो फुरुकावा यांनी भागधारकांपुढे, ग्राहकांना त्रास झाला असल्यास दिलगिरी व्यक्त केली. मात्र अमेरिकेत खटला चालू असल्याने कारणाविषयी बोलायचे नाकारले. त्रासाबद्दल क्षमा, चुकीबद्दल मौन. हे वाचताना मला माझाच चेहरा दिसला. पण त्याच कंपनीने २०२३ मध्ये युरोपात मान्य केले की हा बिघाड वॉरंटीची मुदत संपल्यावरही फुकट दुरुस्त होईल, मग तो झिजेने झालेला असो वा मूळ दोषाने. ‘दोष कुणाचा’ हा प्रश्नच फॉर्मवरून काढून टाकला! तो चौकोन आमच्या फॉर्मवर नसता, तर मी आजही स्वतःला सत्यवादी समजत असतो.

वॉरंटी हा दोन आंधळ्यांमधला करार आहे. यंत्र दुकानातून निघेपर्यंत त्याच्या पोटात काय आहे हे कंपनीला ठाऊक, ग्राहकाला नाही; दुकानातून निघाल्यावर त्याचे काय झाले हे ग्राहकाला ठाऊक, कंपनीला नाही. ज्याला जे दिसते ते त्याने सांगावे, एवढ्यावरच सारे उभे आहे. कार्डावरची बारीक अक्षरातली कलमे आणि स्क्रूवर चिकटवलेले ‘हे फाडल्यास वॉरंटी रद्द’ असले कागद, ही त्या अविश्वासाची पिले. त्यांतही अतिरेक होतो. २०१८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने असल्या अटींबद्दल सहा कंपन्यांना इशारा दिला; त्यांत मायक्रोसॉफ्ट, सोनी आणि निन्टेन्डो तिघीही होत्या. मोठ्यांचा अविश्वास कायद्याने आवरता येतो. माझ्यासारख्या लहानाने एका चौकोनात केलेली खूण कोण पाहणार?

माझे एक शेजारी म्हणतात, “अहो, कंपनीने असली गिऱ्हाइके किमतीत धरलेलीच असतात.” असेलही. पण मग माझा पॉवर सप्लाय पुढच्या गिऱ्हाइकाने विकत घेऊन दिला. आणि तोही कदाचित माझ्यासारखाच वर्षभर पैसे साठवणारा मास्तर असेल. कंपनीला लुबाडल्याचे मला फारसे दुःख झाले नाही, हे प्रामाणिकपणे लिहितो. या अनोळखी मास्तराचा विचार मात्र सुटत नाही.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला सापडले ते फार साधे होते. फॉर्मने ‘कशामुळे बिघडले’ असे विचारलेच नव्हते. ‘पाणी गेले काय’ एवढेच विचारले होते. पाणी गेले होते. बाकी सारी फुंकर.

चार महिन्यांनी शाळेच्या कामाने शहरात गेलो, तेव्हा वाट वाकडी करून त्या केंद्रात शिरलो. काउंटरवरच्या तरुणाला मी सगळे सांगितले. त्याने संगणकात पाहिले.

“सर, मशीन चालू आहे ना?”

“आहे.”

“मग केस क्लोज झाली. क्लोज झालेली केस परत उघडत नाही.”

“पण मला पैसे भरायचे असले तर?”

“कशाचे?” त्याने अगदी मनापासून विचारले. मागे रांग होती. मी बाहेर आलो.

घरी येऊन मुलाला हे सांगितले. तो म्हणाला, “आजीला सांगितलंस?” नव्हते सांगितले. आईला वाईट वाटू नये म्हणून मी गप्प राहिलो, असे मी इतके दिवस स्वतःला बजावत होतो. आणि त्या निमित्ताने वाचलेल्या पैशांचा हिशेब मात्र मनात चोख होता.

पुढच्या खंडेनवमीला आईने पाट मांडला. मुलाने सायकल आणली, कुंचले आणले. कन्सोल आणला नाही. “तुझा तो खेळ कुठाय रे?” आईने विचारले. मुलगा माझ्याकडे पाहू लागला. मग मी सांगितले : पाणी, फॉर्म, चौकोन, सगळे. आई ताम्हन हातात धरून ऐकत होती.

“अरे, मग तेव्हाच सांगायचंस,” ती म्हणाली. “माझ्या हातून झालं होतं ना? मी दिले असते पैसे.”

आणि थोड्या वेळाने नातवाकडे वळून तिने विचारले, “नुसतं फूल वाहिलं तर चालेल का रे त्याला?”