गाविलगडावरची कंबरमोडी

चिखलदऱ्याला आलात की गाविलगडाच्या उतारावर थोडा वेळ नुसते बसा. तोफा, तलाव, दरी नंतर बघता येतील. नजर पायाजवळच्या काळ्या दगडावर आणा. फटीत चिमूटभर माती, आणि तिच्यातून एक केसाळ दांडी सरपटत बाहेर आलेली. तिच्यावर वीतभर लांब, बिनपानांचा देठ आणि टोकाला एकच फूल.

नाव घ्यायची घाई नको. कंबरमोडी, एकदांडी, दगडी पाला, नावं भरपूर आहेत. पण नाव तोंडात आलं की बघणं संपतं. आधी पानाला हात लावा. समोरासमोर दोन-दोन पानं, कडा ओबडधोबड दातेरी, स्पर्श खरखरीत. निंदताना विळा लागला की हाच पाला चुरगळून जखमेवर पिळायचा, हे शेतावर वाढलेल्याला सांगावं लागत नाही. इतक्या वेळा हाताळलेलं रोप, पण फूल कसं असतं विचारलं तर बहुतेकांची गाडी ‘पिवळं-पांढरं’पाशी अडते.

आता फुलाकडे या. सावकाश. कडेला फिकट, दुधाळ पाकळ्या, बहुधा पाच. एकीच्याच टोकावर नजर ठेवा: तिथे तीन दात दिसतील. ही पाकळी म्हणजे एक अख्खं फूल आहे. मधल्या पिवळ्या गोलात आणखी कितीतरी फुलं, नळीएवढी बारीक. बाहेरची उमललेली, आतली अजून मिटलेली. सूर्यफूल, करडई, झेंडू, शेवंती या साऱ्यांची रीत हीच, एका देठावर अख्खं गाव वसवायचं. गाजरगवतही याच घराण्यातलं, आपल्याला आवडो न आवडो. त्याची पांढरी बोंडं बारकी आणि झुबक्यांनी येतात, पान गाजरासारखं चिरलेलं असतं. इथे देठ एकटा आहे, त्यामुळे गफलत होणार नाही.

श्वास संथ होऊ द्या आणि मागचा दगड बघा. गड बांधला तो 1425च्या सुमारास, अहमदशाह वली बहमनीच्या काळात. या रोपाचं माहेर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. कोलंबस तिकडच्या बेटांवर पोचला 1492 साली. म्हणजे हे दगड रचणाऱ्या गवंड्यांनी ही कंबरमोडी पाहिलेली असणं शक्य नाही. ‘आपल्या आजीचं औषध’ तटाहून अर्वाचीन आहे! मला यात आजीचा कमीपणा दिसत नाही. परकं रोप दारात आलं, तेव्हा कुणीतरी ते नीट निरखलं असणारच.

शेजारच्या देठावर फूल सरून म्हातारी झाली असेल. हलकी फुंकर घाला. प्रत्येक काळपट बीला मऊ केसांचा झुबका आहे. वारा तिला कोणत्याही फटीत नेऊन टाकतो.

शेवटी आडव्या दांडीवरून बोट मागे न्या. जिथे पेर मातीला टेकलंय तिथे मुळं फुटलेली सापडतील. मग दगडावर पसरलंय ते रोप एक की तीन? उपटून बघू नका, ही मेळघाटच्या जंगलाची हद्द आहे. घाट उतरून परतवाड्याला आलात की कुठल्याही कुंपणाशी हीच कंबरमोडी भेटेल. पेरं तिथे मोजा.