मोजणारा मेंढपाळ

दावीद राजाने अहंकाराने प्रजेची शिरगणती केली, ती त्याला भोवली. दाखल्यातील मेंढपाळाला मात्र शंभरांतील एक मेंढरू हरवल्याचे कळले, ते मोजल्यामुळेच. गणती तीच, हेतू वेगळा.

हा भेद अरण्यातही दिसतो. राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पात २००४ साली पंजांच्या ठशांवरून कागदोपत्री वाघ नांदत होते. २००५ साली शोध घेतला, तेव्हा चोरट्या शिकारीमुळे एकही उरला नव्हता. २००६ सालच्या देशव्यापी गणनेपासून स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपलेल्या पट्ट्यांवरून वाघ ओळखले जाऊ लागले. कारण एकाचे पट्टे दुसऱ्यासारखे नसतात.

मिरवण्यासाठी मोजणारा घट झाकतो. राखण्यासाठी मोजणारा ती आधी सांगतो. देवाने सृष्टी आपल्या हाती सोपविली, ती राखण्यासाठीच. म्हणून आम्ही म्हणतो, खोटी गणती ही केवळ हिशेबातील चूक नव्हे. हरवलेल्या मेंढराकडे फिरविलेली ती पाठ होय.